घरसंसार : थंडीतला दारचा पालक



दिवाळी होऊन गेली, की आमच्या नागपूरकडे पहाटे नळावर पाणी भरताना हात गारठू लागतात. डिसेंबर-जानेवारीत तर पहाटेचा पारा कधी कधी दहा अंशांच्याही खाली उतरतो. माणसे शेकोटीजवळ सरकतात, पण एक भाजी अशी आहे की तिला नेमकी हीच हवा मानवते. ती म्हणजे पालक. या वेळच्या सदरात आम्ही पालकाविषयी लिहीत आहोत, याची कारणे दोन. पहिले असे, की पालक लावायला शेत लागत नाही, विहीर लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. दुसरे कारण आमच्या घरातलेच आहे. ते सांगताना थोडी लाज वाटते. पण आमच्या चुकीतून एखाद्या दुसऱ्या घराचे भले होणार असेल, तर ती लाज बाजूला ठेवलेली बरी.

आमचे घर उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आहे. दोन खोल्या, पुढे लहानसा ओटा आणि मागे मोरीला लागून तीन हात मोकळी जागा. वाड्या-बागांच्या गोष्टी आपल्यासारख्यांनी मासिकातच वाचायच्या, असे आम्हांलाही बरीच वर्षे वाटत असे. मग एका वर्षी भाजीचे भाव फारच चढले. पालकाची चार काड्यांची जुडी घेताना जीव कासावीस होऊ लागला. तेव्हा घरधनी म्हणाले, "एवढी जागा रिकामी आहे, लावून तर बघू." तेथून आमच्या पालकाची सुरुवात झाली.

आमच्या दोन चुका

पहिल्या वर्षी आम्ही पोळ्याच्या सुमारास बी टाकले. चार-सहा दिवसांत कोंब वर आले, आम्ही आनंदलो. मग आठ दिवस पावसाची झड लागली. कोवळी रोपे मातीलगत काळी पडून एकेक करून आडवी झाली. याला रोपे कोलमडण्याचा रोग म्हणतात. माती सतत ओली राहिली, हवा खेळली नाही, की मातीतली बुरशी कोवळ्या खोडाला धरते.

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणपणा केला आणि उशीर केला. २६ जानेवारी उलटून गेल्यावर बी पेरले. रोपे छान आली, पण होळीच्या सुमारास पाने रुंद होण्याऐवजी मधून उंच दांडा फुटला आणि त्याला तुरे आले. पाने लहान, जून आणि कडवट झाली. बी खराब निघाले म्हणून आम्ही दुकानदाराला बोल लावला. खरे म्हणजे दोष बियाण्याचा नव्हता. दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन तापू लागले, की पालक पान धरण्याचे सोडून बी धरण्याच्या मागे लागतो. तो त्याचा स्वभाव आहे. आपणच त्याची वेळ सांभाळायची.

तेव्हापासून आमचे वेळापत्रक ठरून गेले आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आलेले पाहुणे आपापल्या गावी परतले, की आम्ही माती तयार करायला घेतो. पाऊस पूर्ण उघडला आणि रात्री गार होऊ लागल्या, की ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिली पेरणी. म्हणजे ६ डिसेंबरच्या आसपास पहिली कापणी हाती येते. शेवटची पेरणी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या सुमारास. त्यानंतर आम्ही पालक पेरीत नाही. कोकणात किंवा मुंबईत थंडी कमी आणि उशिरा पडते. तेथल्या भगिनींनी नोव्हेंबरच्या मध्याला सुरुवात केली तरी चालेल.

बी कोणते घ्यावे?

आपल्या बाजारात पालक म्हणून जो मिळतो, तो बहुधा बीटाच्याच जातकुळीतला आहे. म्हणून त्याचे बी बीटासारखे खडबडीत, भेगाळ असते. ते दिसते एक, पण असतो तो दोन-तीन बियांचा गुच्छ. एका दाण्यातून दोन-तीन रोपे निघाली तर गोंधळून जाऊ नये. विलायती पालक तो वेगळा; त्याला थंडी अधिक लागते आणि तो डोंगराळ भागात चांगला येतो. आपण आपला देशी पालक लावावा. 'ऑल ग्रीन' ही जुनी, खात्रीची जात बियाण्यांच्या बहुतेक दुकानांत मिळते. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची 'पुसा ज्योती' ही जातही चांगली, तिची पाने जाड आणि रसरशीत असतात. लहानसे पाकीट घरच्या दोन-तीन डब्यांना हंगामभर पुरते.

येथे एक सावधगिरी. काही पाकिटांतले बी गुलाबी किंवा निळसर रंगाचे असते. तो रंग म्हणजे बुरशी लागू नये म्हणून चोळलेल्या औषधाची खूण असते. असे बी मुलांच्या हाती देऊ नये, भिजत घालू नये, पेरल्यावर हात साबणाने धुवावेत. साधे बी असेल तर मात्र रात्रभर पाण्यात भिजत घालावे. त्याचे टरफल कठीण असते, भिजवल्याने ते लवकर फुटते.

डबा आणि माती

पालकाची मुळे काही फार खोल जात नाहीत. वीतभर खोलीचे कोणतेही भांडे चालते. पंधरा किलोच्या तेलाचा पत्र्याचा डबा उभा चिरला, की दोन लांबट कुंड्या होतात. कडा हातोडीने ठोकून आत वळवाव्यात, नाही तर हात कापतो. भाजीवाल्याचे मोडके प्लास्टिकचे कॅरेट आतून पोत्याचे कापड लावून वापरता येते. माशांच्या किंवा द्राक्षांच्या थर्माकोलच्या पेट्याही चालतात. रंगाचे, ऑइलचे किंवा औषधाचे डबे मात्र खाण्याच्या भाजीसाठी कधीही वापरू नयेत. बुडाला आठ-दहा भोके पाडावीत आणि डबा दोन विटांवर ठेवावा, म्हणजे पाणी साचत नाही.

आमच्याकडची माती काळी. ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की तिला भेगा पडतात. म्हणून आम्ही दोन घमेली माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि एक घमेले जाडसर रेती असे मिश्रण करतो. शेणखत ताजे नको. ते काळे, भुसभुशीत आणि वास गेलेले असावे. माती आठवडाभर उन्हात पसरून ठेवली तर पुष्कळशी किडे-अंडी मरतात. ज्या भगिनी चाळीत राहतात त्यांनी गॅलरीच्या कठड्याजवळ, जेथे दिवसाचे चार-पाच तास तरी ऊन येते, तेथे डबा ठेवावा. अगदी सावलीत पालक लांबट आणि फिका होतो.

पेरणी ते कापणी

मातीवर चार-चार बोटांच्या अंतराने बोटानेच उथळ रेघा ओढाव्यात. बोटाच्या अर्ध्या पेराइतकी खोली पुरे. त्यात दोन-दोन बोटांवर एकेक बी टाकून वरून भुरभुरीत माती सारावी आणि हाताने हलके दाबावे. झारी नसेल तर डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोके पाडून त्यातून पाणी शिंपावे. तांब्याने ओतले तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते. कोंब दिसेपर्यंत वर ओले गोणपाट टाकून ठेवावे. पाच ते आठ दिवसांत उगवण होते. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढावे. चिमण्यांचा त्रास असेल तर जुनी मच्छरदाणी वर ताणून बांधावी.

रोपे बोटभर झाली की दाटीतली काढून टाकावीत. येथे बहुतेकींचा हात अडखळतो. उगवलेले रोप उपटायचे कसे, असे वाटते. पण दाटी राहिली तर एकाही रोपाला धड पान धरत नाही. काढलेली रोपे फेकायची नाहीत; मुळे कापून, धुऊन वरणात टाकावीत.

थंडीत पाणी रोज घालण्याची गरज नसते. माती बोटाने उकरून पाहावी. वरचा एक पेर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. साधारण दोन-तीन दिवसांनी पाळी येते. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत पाने कोरडी होतात आणि पानांवर डागाचा रोग कमी पडतो. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते. साबणाचे, भांड्यांचे पाणी नको. युरिया टाकण्याच्या मोहातही पडू नये. त्याने पान भराभर वाढते खरे, पण जास्तीच्या खताने पानांत नायट्रेट साठते, ते खाणाऱ्याच्या हिताचे नसते. प्रत्येक कापणीनंतर दोन मुठी कुजके शेणखत मुळाशी टाकले की झाले.

पानांत पांढऱ्या वाकड्या रेघा दिसल्या तर ती नागअळी समजावी. ती पाने खुडून चुरगाळून टाकावीत. पानांच्या पाठीला बारीक चिकट किडे दिसले तर तो मावा. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, त्यात साबणाचा लहानसा तुकडा विरघळवावा आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना शिंपावे. त्यानंतर चार-पाच दिवस पाने खुडू नयेत आणि मग नीट धुऊन खावीत.

पेरल्यापासून तीस-पस्तीस दिवसांनी पाने वीतभर होतात. रोप उपटायचे नाही. बाहेरची मोठी पाने कात्रीने, मातीपासून दोन बोटे वर कापावीत आणि मधला कोंब राखावा. पंधरा-वीस दिवसांत पुन्हा कापणी होते. अशा चार-पाच कापण्या सहज मिळतात. आम्ही तीन डबे ठेवतो आणि पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरतो. सगळे एकदम पेरले तर एका आठवड्यात पालकच पालक आणि मग महिनाभर काहीच नाही, असे होते. तीन डब्यांवर पाच माणसांच्या घराला आठवड्यातून एकदा, कधी दोनदा भाजी मिळते. सगळा बाजार त्याने सुटणार नाही, हेही सांगून ठेवतो. पण जी मिळते ती ताजी, कोवळी आणि कोणत्या पाण्यावर वाढली हे ठाऊक असलेली असते.

हे शेवटचे लहानसहान समजू नये. आपल्या शहरांच्या कडेने नाल्यांच्या पाण्यावर पालेभाज्या पिकतात. मुंबईच्या वाचकांनी रेल्वे रुळांच्या कडेचे हिरवे वाफे लोकलच्या दारातून पाहिले असतील. ते पिकवणाराही पोटासाठी राबणारा माणूसच असतो. त्याला स्वच्छ पाणी कोणी दिलेले नाही, म्हणून त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण घाण पाण्यातले जंतू धुऊन-शिजवून मारता आले, तरी कारखान्यांच्या सांडपाण्यातून पानात शिरलेले शिशासारखे धातू धुऊन जात नाहीत. लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या ताटात तरी स्वच्छ पाण्याची भाजी पडावी, एवढे आपल्या हाती आहे.

आमच्या लेकीची गोष्ट

आता ती लाजेची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमची धाकटी लेक पहिलटकरीण म्हणून दिवाळीलाच माहेरी आली. जावई बाहेरगावी कामाला, घरात बघणारे कोणी नाही, म्हणून चौथा महिना सरताच आम्ही तिला आणले. दवाखान्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.६ निघाले. गरोदरपणी ते ११ च्या खाली गेले की पंडुरोग समजतात. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या.

दारात तीन डबे पालक डोलत होता. आम्ही म्हटले, चला, औषध दारीच आहे! आठवड्याला दोनदा घरची भाजी आणि बाकीचे दिवस बाजारची जुडी. लेक निमूट खात होती. शेजारणी म्हणत, "आता बघा, पोरगी कशी लालबुंद होते." आम्हांलाही ते खरे वाटले. जानेवारीत पुन्हा रक्त तपासले. आकडा निघाला ८.४. वाढणे दूरच, उलट उतरला.

त्या आठवड्यात वस्तीतल्या आशाताई घरी आल्या. त्यांनी गोळ्यांची पाकिटे मागितली. लेक इकडेतिकडे पाहू लागली. शेवटी तांदळाच्या डब्यामागून पाकिटे निघाली, जवळजवळ जशीच्या तशी. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, ती घाबरली होती. सांगावे तर आई ओरडेल, आणि पालक तर रोजच पोटात जातो आहे, मग गोळी कशाला, असा तिने विचार केला होता. तसा विचार तिच्या मनात घातला कोणी? आम्हीच. "पालक खा, रक्त भरेल," हे वाक्य महिनाभर आमच्याच तोंडी होते.

आशाताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, पालक द्या, अवश्य द्या. पण गोळीसोबत द्या, गोळीच्या जागी नको."

मग त्यांनी हिशेब मांडला, तो आम्ही वाचकांसमोरही मांडतो. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात लोह असते साधारण तीन मिलिग्रॅमच्या आसपास. सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीला जी गोळी देतात, तिच्यात असते साठ मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीइतके लोह मिळवायला दोन किलो पालक खावा लागेल. शिवाय पालकात ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते, आणि झाडपाल्यातले लोह मुळातच कमी शोषले जाते. त्यामुळे खाल्लेल्या लोहातला थोडाच भाग अंगी लागतो. आमची लेक एका जेवणात पाव किलोही खात नव्हती.

त्या दिवसापासून गोळी रात्रीच्या जेवणानंतर झोपताना सुरू केली. मळमळ कमी झाली. शौच काळे होणे हे गोळीचे नेहमीचे लक्षण आहे, घाबरण्याचे नाही, हे कळल्यावर भीतीही गेली. फेब्रुवारीच्या अखेरीस आकडा १०.२ वर आला. मार्चमध्ये ती बाळंत झाली. मुलगी, वजन दोन किलो आठशे ग्रॅम. दोघी सुखरूप. पण रक्त कमी असताना बाळंतपणात रक्तस्राव झाला तर काय ओढवते, हे ज्यांनी आपल्या घरात पाहिले आहे, त्यांना जानेवारीतल्या त्या रात्री आम्हांला झोप का लागली नाही, हे सांगायला नको. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना पंडुरोग आढळला. ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही.

मग पालक खायचा कशासाठी?

हा प्रश्न आम्ही आशाताईंना विचारला, आणि नंतर वाचून-विचारून त्याचे उत्तर मिळवले. ते आपल्या कष्टकरी आयाबहिणींशी जोडलेले आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

१९२८ साली डॉ. ल्युसी विल्स नावाच्या एक इंग्रज संशोधक मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक वेगळाच पंडुरोग होत होता, आणि त्यात कित्येकींचे प्राण जात होते. या बायकांच्या जेवणातच काही उणे आहे, हे डॉ. विल्स यांनी ओळखले. मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या बऱ्या होऊ लागल्या. हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. अर्कातले ते द्रव्य कोणते, हे तेव्हा कळले नव्हते. पुढे १९४१ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधील संशोधकांनी तब्बल चार टन विलायती पालकातून एक द्रव्य वेगळे काढले आणि त्याला फॉलिक ॲसिड असे नाव दिले. लॅटिन भाषेत 'फोलियम' म्हणजे पान. मुंबईच्या गिरणीतल्या बायकांना जे कमी पडत होते, ते याच कुळातले जीवनसत्त्व होते. रक्तपेशी तयार व्हायला ते लागते, आणि गर्भाच्या पाठीचा कणा नीट घडायलाही लागते. आजच्या लाल गोळीत लोहाबरोबर तेही घातलेले असते.

तर पालक आपल्याला मुख्यतः हे फॉलिक द्रव्य देतो, डोळ्यांसाठी लागणारे 'अ' जीवनसत्त्व शरीरात ज्यापासून बनते ते द्रव्य देतो, आणि थोडे लोहही देतो. गोळीचे काम वेगळे, रोजच्या ताटाचे काम वेगळे. आजार झाल्यावर गोळी. पण पुन्हा तो उंबरठ्यावर येऊ नये म्हणून ताटात पाला, डाळ, शेंगदाणे, अंडे, आणि खाणाऱ्यांच्या घरी मटण-मासळी हवी.

शिजवताना

फॉलिक द्रव्य पाण्यात विरघळते आणि फार वेळ उकळल्याने नष्ट होते. म्हणून पालक आधी धुवावा, मग चिरावा. चिरून पाण्यात भिजत ठेवू नये. तीन पाण्यांतून काढावा, म्हणजे माती तळाला बसते. उकळून पाणी फेकून देण्याची पद्धत बंद करावी.

आमच्या विदर्भाची डाळभाजी या दृष्टीने फार शहाणी आहे. लग्नाच्या पंगतीत तिच्यावाचून ताट पुरे होत नाही. तुरीची आणि थोडी हरभऱ्याची डाळ, मूठभर शेंगदाणे हळद घालून शिजवून घ्यावेत. लसूण, जिरे, हिरवी मिरची यांची फोडणी करून त्यात चिरलेला पालक टाकावा, मिळाला तर थोडा आंबटचुकाही. पाला खाली बसला की डाळ ओतून चार उकळ्या द्याव्यात. पालकाचे सगळे पाणी डाळीतच राहते. वरून सांबार पेरावा. मुंबई-पुण्याच्या भगिनींनी कोथिंबीर समजावी. ताटात वाढल्यावर लिंबू पिळावे, आधी नाही. लिंबातले 'क' जीवनसत्त्व शिजवताना बरेचसे जाते, आणि पाल्यातले लोह अंगी लागायला तेच मदत करते. सोबत ज्वारीची भाकर.

जेवल्याबरोबर चहा घेण्याची सवय आपल्या घराघरांत आहे. चहा लोहाचे शोषण अडवतो. तास-दोन तास थांबावे. लोहाची गोळीही चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, किंवा ज्यांना रक्त पातळ करण्याचे औषध चालू आहे, त्यांनी पालक किती खावा हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

शेवटचे दोन शब्द

होळीच्या सुमारास डब्यांतला पालक तुऱ्यावर येऊ लागला की आम्ही आता दुकानदाराला बोल लावीत नाही. बाकीची रोपे काढून टाकतो आणि दोन चांगली, निरोगी रोपे तशीच ठेवतो. उन्हाळ्यात ती वाळली की त्यांचे बी झाडून, सावलीत सुकवून, बाटलीत चिमूटभर राखेबरोबर भरून ठेवतो. पुढच्या दसऱ्यानंतर तेच बी कामाला येते. जवळच बीट फुलावर आले असेल तर मात्र बी भेसळ होते, एवढे लक्षात ठेवावे.

आमची नात आता शाळेत जाते. दिवाळीच्या सुटीत आली की रेघा ओढण्याचे काम तिचे. तिच्या रेघा वाकड्या जातात, पालक वाकडाच उगवतो आणि तसाच चांगला लागतो. तिच्या आईच्या गोळ्यांची गोष्ट आम्ही घरात लपवून ठेवलेली नाही. गल्लीत कोणाची लेक-सून दिवसांची असली, की आम्ही पालकाची जुडी घेऊन जातो, आणि जुडी हाती देताना गोळ्यांची पाकिटे दाखवायला सांगतो. कोणी हसते, कोणी चिडते. पण दाखवतात.

वाचकांनी या आठवड्यात निदान एक डबा तरी भरून ठेवावा. आपल्या गावी पालक कधी पेरतात, कोणते बी चांगले येते, कोणती अडचण आली, हे आम्हांला पत्राने जरूर कळवावे. निवडक अनुभव या सदरात देऊ. आणि घरात कोणी दिवसांची असेल, तर हे पान वाचून झाल्यावर तिच्या गोळ्यांची पाकिटे एकदा मोजून पाहावीत.